खरखर कपाटामागे असते

नमस्कार, श्रोतेहो. माझा आवाज तुमच्या घरात खरखरीसकट पोचत असेल, तर आजचं बोलणं खास तुमच्यासाठीच आहे. ज्यांना स्वच्छ ऐकू येतंय, त्यांनी तोवर दुसरी कामं उरकली तरी चालतील.

शहरापासून लांबच्या घरात हौसेनं मोठा स्टिरिओ आणावा, स्पीकर चांगले भारदस्त, आणि एफएम लावलं की नुसतं खऽऽर्र! मग बोल बसतो तो सेटला. पण सेट बिचारा निर्दोष असतो बहुतेक वेळा. त्याच्या पाठीमागे हात घालून बघा. खोक्यातून आलेली बारीक वायर, म्हणजे सेटची अँटेनाच, गुंडाळीसुद्धा न सोडलेली, कपाटामागे धूळ खात पडलेली सापडेल. माझ्याकडे ती तशी वर्षभर पडून होती, आणि मी दोष देत होतो डोंगराला.

एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. त्यातली लहर साधारण तीन मीटर लांबीची, म्हणून तिला धरणारी वायरही मापात लागते. एकेरी वायर असेल तर पाऊण मीटर, इंग्रजी टी अक्षरासारखी असेल तर तिचा आडवा भाग दीड मीटर. गुंडाळी सोडून ती ताणून लावा. टीची टोकं केंद्राच्या दिशेला नकोत. कपडे वाळत घालायची दोरी समोर डावीकडून उजवीकडे जाते ना, तशी केंद्राला ती दिसली पाहिजे. फरक नाही पडला, तर उभी करून बघा. काही केंद्रं लहरी उभ्या सोडतात.

आता, हे ऐकता ऐकताच एक करा. सेटवर मोनोचं बटण असेल तर दाबा. खरखर एकदम बसली ना? डाव्या-उजव्या आवाजातला फरक सांगणारा भाग वरच्या पट्टीत वेगळा पाठवलेला असतो, आणि सिग्नल अशक्त असला की खरखर तिथेच जास्त चिकटते. मोनोत तो भाग सोडूनच दिला जातो. बातम्या आणि भाषणं दोन कानांनी वेगवेगळी ऐकायची गरज नसते, निदान मला तरी नाही.

पण खरा इलाज उंचीचा. एफएमची लहर जवळजवळ सरळ जाते, आणि पुढे जमिनीची गोलाई आडवी येते. केंद्राचा मनोरा १०० मीटर उंच आणि मधे सपाट रान असेल, तर जमिनीपासून एक मीटरवरच्या वायरला तो साधारण ४५ किलोमीटरपर्यंत गाठता येतो. तीच वायर नऊ मीटरवर नेली की ५३. शिवाय पत्र्याचं छप्पर लहर अडवतं, तेही खाली राहतं. वर जायचंच तर अनेक काड्यांचा, एका दिशेला तोंड करणारा अँटेना लावा आणि खाली को-ॲक्सियल, म्हणजे टीव्हीच्या डिशला असते तशी, केबल आणा. बूस्टर घ्यायचा झाला तर तो वर, अँटेनाजवळ बसवा. सेटजवळ बसवलात तर वाटेत शिरलेली खरखरही तो इमानेइतबारे मोठी करतो.

मीडियम वेव्हचं तंत्र निराळं. तिथे शत्रू घरातच असतो: मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा. एकेक बंद करत जा, चोर सापडतो. सेटबरोबरची चौकटीसारखी अँटेना हळूहळू गोल फिरवा, एका कोनात आवाज उघडतो.

छतावर चढणाऱ्यांसाठी शेवटचं. खांब उभा करताना तो कलंडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही, एवढं अंतर ठेवा, आणि त्याला अर्थिंग करा. आभाळ भरून आलं की केबल सेटमधून काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावायचा नाही.