पानगळीतला वसंत : खांडस ते भीमाशंकर

(दृश्य : वाळलेली भातखाचरं, मागे सह्याद्रीची भिंत)

मार्चचा दुसरा आठवडा. कर्जतहून कशेळ्यामार्गे खांडसला जाणारा रस्ता. भात केव्हाच कापून झालंय, बांधावरचं गवत वाळलंय, आणि समोर भीमाशंकरचा डोंगर धुरकट उन्हात उभा आहे. या दिवसांत रानात फुलं बघायला चाललोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "आत्ता? फुलं तर पावसाळ्यानंतर ना, कासला?"

त्याचंही बरोबरच आहे. जमिनीवरचे फुलांचे गालिचे आपल्याकडे श्रावण-भाद्रपदातच अंथरले जातात. युरोपातल्या रानात वसंत पायाशी असतो. झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत जमिनीवरच्या रोपट्यांना फुलून घ्यावं लागतं. तिथे अडचण उजेडाची, इथे पाण्याची. मार्चमध्ये सह्याद्रीच्या वरच्या थरातली माती कोरडी ठक्क असते. पाणी उरतं ते खोल, आणि तिथवर मुळं पोचतात ती झाडांची आणि दणकट वेलींची. म्हणून आपल्या वसंतात मान वर करून चालायचं. आणि अधूनमधून खालीही बघायचं, कारण वर काय फुललंय त्याचा पुरावा वाटेवर पडलेला असतो.

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पळसाला ते मान्य नाही. तो फाल्गुनातच पेटलेला असतो.

(दृश्य : निष्पर्ण पळस, फांद्यांवर पक्ष्यांची गर्दी)

पळस ओळखायला काय लागतं, असं वाटेल. पण 'पळसाला पाने तीनच' ही खूण आत्ता कामाची नाही, झाडावर पानच नाही. शिवाय शेजारच्या कुंपणातला पांगाराही लालभडक, तोही बिनपानांचा, आणि पानं आली की त्यालाही तीनतीनचीच. मग खाली पडलेलं एक फूल उचला.

देठाशी काळपट तपकिरी, मखमली वाटी. तिच्यातून निघालेल्या पाच केशरी पाकळ्या, बाहेरून बारीक रुपेरी लव, त्यामुळे फूल उन्हात फिरवलं की चमकतं. खालच्या दोन पाकळ्या जुळून पोपटाच्या चोचीसारखा बाक झालाय आणि पुंकेसर त्या बाकात दडलेत. हा पळस. पांगाऱ्याचं फूल घेतलं तर एकच पाकळी मोठी, बाकीच्या आखूड, आणि पुंकेसर उघडेच बाहेर आलेले. पांगाऱ्याच्या कोवळ्या फांदीवर काळे टोकदार काटे असतात. पळसाला काटा नाही.

आता हे फूल नाकाशी धरा. वास नाही. 'विद्या नसलेला माणूस शोभत नाही, जसं गंध नसलेलं पळसाचं फूल', असं संस्कृत सुभाषितात म्हटलंय. सुभाषितकारानं पळसाचं गिऱ्हाईक कोण ते पाहिलं नसावं. पळसावर येतात ते शिंजीर, साळुंक्या, कोतवाल, आणि थव्यानं येणाऱ्या भोरड्या, ज्यांना पळसमैना असंच नाव पडलंय. पक्षी वासावर येत नाहीत, रंगावर येतात. पानांची आडकाठी नसलेलं केशरी झाड त्यांना लांबूनच दिसतं. वासावर खर्च करण्याचं पळसाला कारणच नाही.

पानं नसताना फुलण्याचा दुसरा फायदा पुढे दिसतो. आत्ता फुललं की उन्हाळ्याअखेर बी तयार. पळसाची चपटी शेंग वाऱ्यावर उडते, टोकाशी एकच बी, आणि ती जमिनीवर टेकते तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो.

(दृश्य : काटेसावरीचं खोड, जवळून)

गाव मागे पडलं की काटेसावर. हिची खूण खोडावर आहे. बुंधा रुंद असलेले जाड शंकूसारखे काटे. मात्र जुन्या झाडाच्या खोडावरचे खालचे काटे झडून जातात, तेव्हा वरच्या फांद्याही बघा. फूल तळहाताएवढं, पाच मांसल पाकळ्या, आणि पडतं ते धप्पकन आवाज करून. आत पुंकेसरांच्या पाच जुड्या कडेनं आणि मध्ये एक वेगळा झुबका. ही मांडणी पाहिली की शंका उरत नाही. वर वानरं आणि खारी या फुलांवर ताव मारतात, खाली पडलेली भेकरं येऊन खातात. सावरीखालची जमीन निरखलीत तर खुरांचे ठसे सापडतात.

आणखी एक सावर आहे, सोनसावर. हिला गणेर म्हणतात. खडकाळ उतारावरचं वेडंवाकडं झाड, अंगावर एक पान नाही, आणि फांद्यांच्या टोकांना पिवळीधमक मोठी फुलं. नावात सावर असली तरी कूळ निराळं, आणि काटेही नाहीत.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. रस्त्याच्या कडेला, बांधावर फिकट गुलाबी फुलांनी गच्च भरलेली झाडं दिसतात आणि दरवर्षी कुणीतरी त्यांचे फोटो 'आपला चेरी ब्लॉसम' म्हणून फिरवतं. ते गिरिपुष्प. उंदीरमारी. मूळचं मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडे लावलेलं. दिसतं छान, वाद नाही. पण पाकळ्या नीट पाहिल्या तर वाटाण्याच्या फुलाची ठेवण कळते. चेरीचा आणि याचा काही संबंध नाही.

(दृश्य : गणेश घाटाची चढण)

खांडसहून वर जायला दोन वाटा. शिडी घाट खडा आणि जोखमीचा, गणेश घाट लांबचा पण सोपा. फुलं बघायची तर गणेश घाटानं जावं. शिडीवर लक्ष पायांत असतं, आणि तिथे ते तसंच असायला हवं.

चढणीवर उघड्या कातळाशी धायटीची झुडपं लागतात. वाकलेल्या फांद्यांवर ओळीनं शेंदरी-लाल नळ्या. ही नळी पाकळ्यांची नव्हे, निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेष्टनाची. पाकळ्या आत कुठेतरी इवल्याशा. पान उलटून पाहा, खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसतील. आसवं आणि अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात.

झाडावर चढून पसरलेली, हिरवट फुलांनी लगडलेली वेल म्हणजे उक्षी. हिला पाकळ्याच नाहीत. जी पाच हिरवी दलं दिसतात ती निदलं. फुलणं संपलं की ती गळत नाहीत, वाढतात, वाळतात आणि फळाला पंख होऊन वाऱ्यावर घेऊन जातात. त्यामुळे एकाच वेलीवर हिरवे आणि वाळके झुबके एकत्र दिसले तर त्या दोन वेली समजू नका. उक्षीच्या खोडात पाणी साठतं आणि तहानलेल्या वाटसरूला ते प्यायला मिळतं, हे इथल्या ठाकर आणि महादेव कोळी मंडळींना ठाऊक आहे. आपण पाठीवर बाटल्या घेऊन आलोय, वेलीवर कोयता चालवायचं कारण नाही.

मध्येच समोरच्या उतारावर एक झाड लालबुंद. दुर्बीण लावा. ते कुसुंब आहे, आणि तो लाल रंग फुलांचा नाही, पालवीचा. कोवळी पानं आधी लाल, मग तांबूस, मग हिरवी. कुसुंबाची खरी फुलं बारीक, हिरवट-पिवळी, दुरून दिसतही नाहीत. मोबाइलवरचं अॅपही अशा लांबून काढलेल्या फोटोवर भलतंसलतं नाव सांगतं. अॅपला मदत करायची तर एका झाडाचे चार फोटो काढा : फूल समोरून, फूल देठाच्या बाजूनं, फांदीवर पानं कशी लागलीत ते, आणि खोडाची साल. फूल तोडायची गरज पडत नाही, खाली पुष्कळ पडलेली असतात.

(दृश्य : पदरवाडीजवळची जाळी)

पदरवाडीच्या सपाटीवर दोन्ही वाटा एकत्र येतात. इथे आधी वास येतो, फूल मग दिसतं. दोन पांढरी फुलं नेहमी एकमेकांत मिसळली जातात, करवंद आणि कुसर. करवंदाला पाकळ्या पाच, फांदीवर जोडीनं काटे, आणि वाटेवर मोडलेली डहाळी पाहिली तर दुधासारखा चीक. कुसर ही रानातली जाई. पाकळ्या अरुंद आणि पाचाहून जास्त, काटा नाही, चीक नाही. 'डोंगरची काळी मैना' मे महिन्यात टोपलीतून विकायला येते ती या काटेरी जाळीतून.

याच उंचीवर झाडांच्या खोडांवर पांढऱ्या फुलांचे घोस दिसतात. डेंड्रोबियम गटातली आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलताना तीही पानं टाकून बसलेली. खरवडून घरी नेलेली आमरी बाल्कनीत बहुधा मरते. उरलेलं काम वणवा करतो. गवत चांगलं येईल म्हणून लावलेली आग पळस-सावर झेलतात, आमरीला ते जमत नाही.

शेवटची चढण संपली की रान बदलतं. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच, पाऊस प्रचंड, त्यामुळे इथली झाडं पानं गाळत नाहीत. शेकरूची घरटी याच दाट शेंड्यांत. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर होण्याआधीपासून यातल्या कित्येक झाडांना देवराईनं राखलंय. इथल्या वसंताचा रंग जांभळा-निळा. अंजनीच्या फांद्यांना थेट सालीतून फुलांचे गेंद फुटतात. एका फुलाला पाकळ्या चार, पुंकेसर आठ, आणि पानं जाड, चकचकीत, समोरासमोर. खानदेशात ज्याला अंजन म्हणतात ते झाड वेगळं, त्याच्याशी गल्लत नको.

मार्चच्या मध्याला अंजनीवर बहुतेक कळ्याच सापडतात. बहर बघायचा तर एप्रिलमध्ये या, आणि पाणी खांडसलाच भरून घ्या. तोवर घाटातले झरे आटलेले असतात.