टायरवरून हात

(पत्र्यावर पावसाची सर. कॅमेरा पुढच्या डाव्या चाकाजवळ, अगदी जमिनीलगत.)

आतली कड बघा. इथे नक्षी उरलेलीच नाही. बोट फिरवलं तर पाटीसारखं गुळगुळीत लागतं. आणि वीतभर अलीकडे, त्याच टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, कारखान्यातून आलेले रबराचे केस अजून तसेच आहेत. टायर घालून पाच महिने झाले नाहीत.

गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या बाहेर, रस्त्याकडेचं हे गॅरेज. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन गेलीय, दसरा यायचाय. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालायची तर गाडी आधी सरळ चालायला हवी, असं मालकाचं म्हणणं.

गाडी म्हणजे जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप, मागे हौदा ठोकलेला. पुढचा आणि मागचा दोन्ही अ‍ॅक्सल सलग, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेले. पॉवर स्टिअरिंग नाही. मालकाचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. सुपारीची पोती, केळ्यांचे घड, नारळ, जे काही बाहेर काढायचं ते त्या व्हाळातून. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाटाच्या पायथ्याशी तो त्याहून वरच. म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत या चाकांचे हब जवळजवळ रोज पाण्याखाली. तिथून बाहेर पडलं की डांबरी रस्ता, आणि शुक्रवारी थेट म्हापशाचा बाजार.

तक्रार काय? मालकाच्या शब्दांत, ‘स्टिअरिंग डोकं हलवतं. साठच्या वर गेलो की भीती वाटते. डावीकडे ओढते ते वेगळंच.’

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दोनदा करून झालंय. संगणकावर छापलेले दोन्ही कागद डॅशबोर्डात घडी घालून ठेवलेत. सगळे आकडे हिरव्या रंगात.

मेस्त कागद बघतात, परत घडी घालतात आणि खाली बसतात. मेस्त म्हणजे इथले मिस्त्री; सगळे त्यांना मेस्तच म्हणतात. ते टायरवरून तळहात फिरवतात, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. उजव्या टायरवर आतून बाहेर जाताना रबराच्या धारा हाताला टोचतात. उलट फिरवला की हात सरकतो. याचा अर्थ पुढची चाकं पुढच्या बाजूला प्रमाणाबाहेर आत वळलीत. याला टो-इन जास्त म्हणतात. चाक सरळ धावण्याऐवजी थोडं तिरकं घासत जातं आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याला करवतीसारखी धार येते.

पण डाव्या टायरने आतली कड गुळगुळीत खाल्लीय. ते नुसत्या टो-इनने होत नाही. चाक वरून आत कललेलं असलं पाहिजे. सलग अ‍ॅक्सलवर हा कल कारखान्यातच ठरलेला असतो. तो बदलला तर अ‍ॅक्सल वाकलाय, नाहीतर कुठेतरी ढिला आहे. मला इथे वाटलं होतं, आता जॅक लागेल. नाही लागला.

(गोणपाट अंथरून मेस्त गाडीखाली. मालक स्टिअरिंगवर.)

‘चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. जास्त नको.’

गाडीचं वजन चाकांवरच ठेवून करायची ही तपासणी. मालक स्टिअरिंग हलवत राहतो आणि मेस्त खालून नुसते बघतात. स्टिअरिंगची दांडी फिरते. स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा, पिटमन आर्म, लगेच हलतो, म्हणजे बॉक्स ठीक. बॉक्सचे बोल्ट चॅसीवर घट्ट. पुढे ड्रॅग लिंक, म्हणजे आर्मची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा. तिच्या टोकाच्या बॉल जॉइंटवर ते बोट ठेवतात. आर्म जातो, थांबतो, मग लिंक निघते. मधल्या त्या क्षणाला ‘टक्’ असा आवाज येतो. ऐका.

या तपासणीला कसलंही यंत्र लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती कोणी करत नाही.

आता जॅक. चाक वर आणि खाली धरून मेस्त हलवतात. खडखडतं. मालकाला ब्रेक दाबायला सांगतात. ब्रेक लागला की ड्रम मागच्या प्लेटला पकडला जातो आणि चाकाच्या बेअरिंगमधला खेळ नाहीसा होतो. इथे ब्रेक दाबल्यावरही चाक तेवढंच हलतं. मग खेळ किंग पिनमध्ये, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिथे.

(नकल, म्हणजे किंग पिनवर वळणारा चाकाचा सांधा, उघडल्यावर आतलं ग्रीस. जवळून.)

ग्रीसचा रंग बघा. काळपट पिवळं असायला हवं. हे ताकासारखं पांढुरकं आहे. कडेचं फेल्टचं सील कधीच झिजलं, व्हाळाचं पाणी आत गेलं, ग्रीसमध्ये घुसळलं गेलं. खालच्या बेअरिंगच्या रोलरना गंजाचे खड्डे पडलेत. चाकाचा भार आला की ढिली खुंटी कलते, चाक वरून आत झुकतं आणि आतली कड एकटी रस्ता घासते.

अशा ढिल्या गाडीवर मशीनने कोन मोजला तर त्या क्षणी चाक जिथे टेकलं असेल तिथला आकडा मिळतो. मशीन खोटं बोललं नाही. त्याला कोणी विचारलंच नाही की चाक घट्ट आहे का.

दुपारी चहा आला, आणि चहावर एक गोष्ट आपोआप बाहेर पडली. मालक व्हाळातून निघताना फोर व्हील लावतो आणि पावसाळ्यात तशीच ठेवतो. ‘रस्ता निसरडा असतो, असू दे म्हटलं.’ म्हापशापर्यंत.

मेस्तांनी कप खाली ठेवला.

या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी नाही. लिव्हर टाकली की दोन्ही एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापावं लागतं. चिखलात चाक जरा घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर चाकाची पकड असते, त्यामुळे ताण गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर खरवडला जातो आणि लिव्हर काढायला गेलं तर निघत नाही. त्यात मालकाने नवे टायर फक्त पुढे घातले होते. मागच्या जुन्यांपेक्षा पुढची नक्षी ८ मिलिमीटर उंच असली, तर प्रत्येक फेरीला घेरात ५ सेंटिमीटरचा फरक पडतो. सरळ रस्त्यावरसुद्धा.

‘लिव्हर अडकायची का?’

‘अडकायची. मग थोडी रिव्हर्स घेतली की निघायची.’

‘मग ती तुला सांगत होती की रे.’

पुढचे दोन दिवस कामाचे. नवी बेअरिंगं, नवं सील, ड्रॅग लिंकचा जॉइंट. किंग पिनच्या टोपीखालच्या कागदासारख्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, कमी-जास्त करून घट्टपणा बसवला, आणि तो मोजला बाजारात मासळी तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याने. स्टिअरिंग आर्मला काटा अडकवून ओढायचा, नकल किती जोराला वळायला लागते ते वाचायचं.

टो सगळ्यात शेवटी. चाक फिरवत टायरच्या मध्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढली, टेप धरली. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ९ मिलिमीटर कमी. अशा जीपला दीड-दोन पुरतात. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून २ वर आणलं.

खाल्लेलं रबर काही परत येत नाही. मेस्तांनी चारही टायर सारखे घ्यायला सांगितलं. मालकाने केळ्यांचा भाव सांगितला. विषय तिथेच राहिला.

(संध्याकाळ. जीप व्हाळातून वर येते, चाकांतून पाणी निथळतंय.)

डांबर जिथे सुरू होतं तिथे मालक गाडी थांबवतो. शेजारी मेस्त, नजर लिव्हरवर. लिव्हर दोन बोटांनी मागे येते. बारीक ‘खट्’.

‘चल,’ मेस्त म्हणतात.