घोरणं थांबलं, पण श्वास?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका दंतवैद्याने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. घोरण्यावर बोलायला दातांच्या डॉक्टरला कशाला बोलावलंय, असं चहाच्या वेळी दोघातिघांनी मला विचारलंच. उत्तर देण्याआधी एक प्रयोग करू. लाजू नका, सगळेच करणार आहेत. तोंड थोडं उघडं ठेवून मुद्दाम घोरल्याचा आवाज काढा. छान! काहींना सरावाची गरजच नाही. आता खालचा जबडा पुढे काढा, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील इतका, आणि तसाच धरून पुन्हा घोरून बघा. जमत नाही ना? जमलं तरी आवाज बारीक येतो. ज्यांची कवळी सैल आहे त्यांनी हा प्रयोग घरी जाऊन करा.

असं होतं कारण जिभेचा सगळ्यात मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला हाडाला जोडलेला असतो. जबडा पुढे आला की जीभ त्याच्याबरोबर पुढे येते, घशाच्या बाजूच्या भिंती ताणल्या जातात आणि पडजिभेच्या मागची जागा रुंदावते. भूल दिलेल्या माणसाचा श्वास अडायला लागला की भूलतज्ज्ञ कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यामागे बोटं घालून जबडा पुढे उचलतात. आम्ही दातांवर जे उपकरण बसवतो ते रात्रभर हेच काम करतं.

ही कल्पना आजाराच्या नावाहून जुनी आहे. पॅरिसमध्ये पिएर रोबँ नावाचे मुखरोगतज्ज्ञ होते. हनुवटी फार लहान असलेल्या बाळांची जीभ मागे पडते आणि श्वास अडतो, हे त्यांनी १९२३ साली लिहिलं. जबडा पुढे आणणारं उपकरण ते त्याआधीपासून वापरत होते. ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव रूढ झालं ते १९७०च्या दशकात.

आता हा ॲप्निया म्हणजे काय ते पाहू. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. वाट अरुंद झाली की हवा जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरते, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली आणि श्वास दहा सेकंद किंवा जास्त वेळ थांबला की तो ॲप्निया. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू पुन्हा ताठ होऊन वाट उघडते आणि मोठ्या फुरफुरीनं श्वास परत सुरू होतो. सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसाला मात्र सगळं पाठ असतं. माझ्याकडे तक्रार बहुतेक वेळा काकू घेऊन येतात आणि काका बाजूला बसून ‘मी कुठे घोरतो?’ म्हणतात.

असे अडथळे तासाला किती वेळा येतात ते मोजतात. पाचपेक्षा कमी असतील तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, तीसच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. एम्सच्या संशोधकांनी २०२३ साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतात सुमारे १० कोटी ४० लाख प्रौढांना हा त्रास आहे. रक्तदाब औषधांना दाद देत नाही, सकाळी डोकं दुखतं, पेपर वाचताना डुलकी लागते, गाडी चालवताना डोळा लागतो. आणि या सभागृहात आवर्जून सांगायची गोष्ट म्हणजे रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागणं. श्वास अडला की हृदयावर ताण येतो आणि त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. दर वेळी दोष प्रोस्टेटचाच असतो असं नाही. बायकांमध्ये घोरण्याचा आवाज कमी आणि थकवा, झोप न लागणं, उदास वाटणं जास्त, म्हणून रजोनिवृत्तीनंतरचा ॲप्निया वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही.

आता माझा खरा मुद्दा. घोरण्याचा आवाज बंद करणं तुलनेनं सोपं आहे. उपकरण बसवल्यावर घर शांत होतं, काकू खूष होतात, मिठाईही येते. पण आवाज गेला तरी श्वास अडणं चालूच असू शकतं. म्हणजे धोक्याची जी एकमेव खूण घरच्यांना ऐकू येत होती, तीच आपण काढून टाकली. म्हणून उपकरणाच्या आधी झोपेची चाचणी हवी आणि निदान फिजिशियन किंवा झोपविकारतज्ज्ञानं करायला हवं. ही चाचणी लॅबमध्ये रात्रभर होते. अनेकांच्या बाबतीत लहान यंत्र घरी नेऊनही चालतं. उपकरण पुरतं जुळल्यावर ते तोंडात ठेवून पुन्हा चाचणी करायची. चाचणीचं नावही न काढता मापं घेणारा दंतवैद्य भेटला, तर माझा व्यवसायबंधू असला तरी सांगतो, तिथून उठून या.

पहिला उपचार कोणता? मध्यम आणि तीव्र आजारात सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा इलाज होता. श्वास अडण्याचा आकडा खाली आणण्यात सीपॅपच्या जवळपास आमचं उपकरण येत नाही. फक्त ते मशीन तोंडावर असावं लागतं, कपाटावर नाही. सिडनीतच २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्याच रुग्णांनी एक महिना सीपॅप आणि एक महिना जबड्याचं उपकरण वापरलं. आकडा सीपॅपनं जास्त सुधारला, पण उपकरण लोकांनी रात्री जास्त तास घातलं. महिन्याअखेर रक्तदाब आणि दिवसाची पेंग यांत दोघांत फारसा फरक उरला नाही. मास्क सहन होत नाही किंवा नकोच म्हणणाऱ्या प्रौढांना हे उपकरण द्यावं, असं अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ साली एकत्र सांगितलं. नुसतं घोरणाऱ्यांनाही ते चालतं, अर्थात ॲप्निया नाही हे तपासून.

उपकरण कसं असतं? वरच्या दातांवर एक भाग, खालच्यावर एक, आणि दोघांना जोडणारा स्क्रू किंवा पट्टी. तुमचा जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो ते मोजायचं, साधारण त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची आणि मग मिलिमीटरच्या अंशानं पुढे सरकवत जायचं. यात काही आठवडे जातात, कधी काही महिने. घाई केली की जबड्याचा सांधा दुखतो आणि उपकरण ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. त्याला धरायला वर-खाली पुरेसे आणि घट्ट दात लागतात. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे असतील तर आधी ते दुरुस्त करायचं. रूट कॅनाल, कॅप, फिलिंग जे काही राहिलंय ते आधी उरकून घ्या. उपकरण झाल्यावर नवी कॅप बसवली की उपकरण बसत नाही आणि मग दोघांचीही चिडचिड होते. धुवायला थंड पाणी वापरा, कढत पाण्यानं ते वाकतं.

गरम पाण्यात बुडवून चावायचं तयार उपकरण ऑनलाइन मिळतं. ते नीट धरत नाही, मोजून पुढे सरकवता येत नाही आणि बसलंय की नाही हे बघायला कोणी नसतं. पैसे वाचवायचे असतील तर ते आधी चाचणीसाठी वाचवा.

दुष्परिणाम मी लपवत नाही. सुरुवातीला लाळ गळते किंवा तोंड कोरडं पडतं, सकाळी जबडा आखडतो, पोहे चावताना दात भलत्याच जागी जुळतात. आम्ही सकाळचा एक व्यायाम देतो, त्यानं ते बहुतेकांचं तासाभरात ठिकाणावर येतं. काही वर्षांनी मात्र वरचे पुढचे दात किंचित आत आणि खालचे किंचित बाहेर जातात. बऱ्याच जणांना ते जाणवतही नाही. माझ्या मते श्वासाच्या बदल्यात हा सौदा परवडतो, पण तो सौदा आहे हे रुग्णाला आधी सांगायला हवं. वर्षातून एकदा तपासणी त्यासाठीच.

पूर्ण कवळीवाल्यांचं काय? जीभ पुढे खेचून धरणारा, चोखणीसारखा मऊ फुगा असतो. तो मिळतो, कामही करतो, पण बरेच जण तो फार दिवस सहन करत नाहीत. खाली इम्प्लांट बसवून उपकरणाला आधार देता येतो. दोन्ही जबडे सुमारे सेंटिमीटरभर पुढे आणायची शस्त्रक्रियाही आहे. निकाल चांगले, पण ऑपरेशन मोठं, आणि ते निवडक रुग्णांचंच काम.

नातवंडं तोंड उघडं ठेवून झोपत असतील, घोरत असतील, तर मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. मुलांमध्ये बहुतेकदा टॉन्सिल आणि ॲडिनॉइड कारण असतात. टाळू अरुंद असेल तर स्क्रूच्या उपकरणानं तो वाढत्या वयात रुंद करता येतो, मोठेपणी ते इतकं सोपं राहत नाही.

चिठ्ठी आली आहे, ‘शंख वाजवून घोरणं थांबतं का?’ हसू नका. २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये डिजरिडू हे लांब लाकडी वाद्य रोज वाजवणाऱ्या रुग्णांचा आकडा खाली आल्याचं दिसलं. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी शंखाचा तसाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम ॲप्नियाचे तीस रुग्ण होते आणि सहा महिने शंखवादन. दिवसाची पेंग कमी झाली, आकडा थोडा उतरला. अभ्यास छोटे आहेत, पण घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो हे पटण्यासारखं आहे. पूजेच्या वेळी वाजवा, उपचार सोडून नको. याहून भरवशाचं म्हणजे वजन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात १० टक्के वजन घटलेल्यांचा आकडा अंदाजे २६ टक्क्यांनी खाली आला. कुशीवर झोपा, रात्रीचा पेग टाळा, झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका.

शेवटची चिठ्ठी, ‘पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हे तिथे सांगायचं का?’ सांगायचंच, आणि थेट भूलतज्ज्ञाला. भूल आणि ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांनी घसा आणखी सैल पडतो, म्हणून ते त्यानुसार तयारी ठेवतात. चाचणीचा रिपोर्ट फाइलमध्ये लावा. सीपॅप असेल तर मशीन आणि उपकरण असेल तर त्याची डबी, दवाखान्यात जाताना बॅगेत घाला. डबीवर नाव लिहा, वॉर्डात कवळ्या आणि डब्या फार हरवतात.