तेरा डॉलर

(दृश्य: ओहोटीचा समुद्र. ओला, निर्मनुष्य किनारा.)

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्सटन नावाचं बंदर आहे. त्या बंदराच्या तोंडाशी मॉरिस नावाचं एक चिंचोळं, वाळूचं बेट. आज तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. पण १८६३ सालच्या उन्हाळ्यात या वाळूत तंबूंच्या रांगा होत्या. त्यातल्या एका तंबूसमोर टेबल मांडलंय. टेबलावर पगारपत्रक, शेजारी पैसे. सैन्याचा खजिनदार बसलाय. समोर शिपाई उभे आहेत, ज्यांना आजवर एकदाही पगार मिळालेला नाही.

आणि त्यांच्यातला कोणीही पैसे घ्यायला पुढे येत नाही.

ही ५४वी मॅसॅच्युसेट्स पायदळ पलटण. सगळे शिपाई काळे, सगळे स्वेच्छेनं भरती झालेले. पलटण उभी राहिली तेव्हापासून जवळजवळ दीड वर्ष या माणसांनी सरकारचा पगार घेतला नाही. वॅगनर किल्ल्यावरचा त्यांचा हल्ला पुष्कळांना माहीत असतो. तो आपण पाहणारच आहोत. पण हे टेबल आधी डोळ्यांसमोर राहू दे.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. गावच्या चौकात रांगेत उभी तरुण मुलं.)

एप्रिल १८६१. गुलामी टिकवण्यासाठी अमेरिकेतली दक्षिणेची राज्यं देशातून फुटली आणि उत्तरेच्या राज्यांशी त्यांची यादवी सुरू झाली. तेव्हा देशाचं कायमस्वरूपी सैन्य जेमतेम सोळा हजारांचं होतं, आणि तेही दूर पश्चिमेच्या चौक्यांवर विखुरलेलं. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी राज्यांकडे ७५,००० माणसं मागितली. पुढे हा आकडा लाखांत गेला. चार वर्षांचं हे युद्ध दोन्ही बाजूंनी मुख्यतः स्वयंसेवक पलटणींनी लढलं. पलटण उभी करायचं काम राज्याचं, अधिकारी नेमायचे राज्यपालांनी. साधारण हजार माणसं, शंभर-शंभरच्या दहा कंपन्या. बहुतेक वेळा एक कंपनी म्हणजे एक गाव. शेजारी शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा, आणि एखाद्या लढाईत ती कंपनी कापली गेली की एकाच दिवशी अख्ख्या गावाच्या घराघरांत रडारड व्हायची.

काळ्या माणसांना मात्र या रांगेत जागा नव्हती. सैन्यात नोंदणी फक्त गोऱ्या पुरुषांची, असं सांगणारा १७९२ सालचा कायदा आडवा होता. युद्ध सुरू होताच उत्तरेतल्या शहरांतून काळे तरुण नाव नोंदवायला गेले आणि त्यांना परत पाठवण्यात आलं. दार उघडलं ते १ जानेवारी १८६३ रोजी, लिंकन यांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानं. फुटलेल्या राज्यांतले गुलाम त्यानं मुक्त जाहीर केले आणि काळ्यांना सैन्यात घ्यायची मुभा दिली. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल जॉन अँड्र्यू यांनी काळ्या स्वयंसेवकांची पलटण उभारायची परवानगी मिळवली. पगार, शिधा, कपडे, सगळं इतर शिपायांसारखंच मिळेल असा शब्द त्यांना वॉशिंग्टनहून मिळाला होता. तोच शब्द त्यांनी भरतीला आलेल्या प्रत्येकाला दिला.

मॅसॅच्युसेट्समध्ये काळ्यांची वस्ती थोडी. म्हणून माणसं लांबलांबून आली, पार कॅनडातूनसुद्धा. शेतमजूर, न्हावी, लोहार, खलाशी. स्वतः गुलामीतून पळून आलेले आणि पुढे देशभर गाजलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी जाहीर आवाहन केलं आणि आपले दोन मुलगे, लुईस आणि चार्ल्स, या पलटणीत घातले. न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरातून एक कंपनी भरली. त्यात जेम्स हेन्री गुडिंग नावाचा तरुण होता. देवमाशांमागे जाणाऱ्या जहाजांवर त्यानं नोकरी केली होती, कविताही लिहायचा. छावणीतून तो गावच्या वर्तमानपत्राला नियमित पत्रं पाठवत असे. हे नाव लक्षात ठेवा.

अधिकारी मात्र गोरे. पलटणीचा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ अवघ्या पंचवीस वर्षांचा होता. २८ मे १८६३ रोजी पलटण बॉस्टनच्या रस्त्यांवरून संचलन करत बंदराकडे निघाली तेव्हा दुतर्फा माणसांची दाटी होती. आपण कुठे चाललोय हे या शिपायांना पक्कं ठाऊक होतं. दक्षिणेच्या संसदेनं आधीच ठरवून टाकलं होतं की काळा शिपाई हाती लागला तर त्याला युद्धकैदी मानायचं नाही, राज्यांच्या हवाली करायचं. म्हणजे फाशी, नाहीतर पुन्हा गुलामी.

(दृश्य: नकाशा. चार्ल्सटन बंदर, मॉरिस बेट, वॅगनर किल्ला.)

वॅगनर किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काळ्या कातळाचे बुरूज येतात. दक्षिणेच्या सैन्याचा हा किल्ला तसा नव्हता. वाळूचे उंच बांध, आत ताडाच्या जातीच्या झाडांचे ओंडके, पुढे पाण्याचा खंदक. तोफेचा गोळा वाळूत रुतून बसायचा आणि रात्रीतून भगदाड पुन्हा बुजवलं जायचं. किल्ल्याकडे जायला समुद्र आणि दलदल यांच्यामधली वाळूची एकच चिंचोळी पट्टी.

१८ जुलै १८६३. दिवसभर तोफा चालल्या. ५४वी पलटण दोन दिवसांपूर्वी शेजारच्या जेम्स बेटावर लढली होती. तेव्हापासून ना धड झोप, ना धड जेवण. संध्याकाळी तिला हल्ल्याच्या आघाडीवर उभं केलं. सुमारे सहाशे माणसं. अंधार पडू लागला तशी ती पट्टीवरून चालू लागली, मग धावू लागली. तोफांच्या माऱ्यानं किल्ला मोडलेला नव्हता. तटाच्या माथ्यापर्यंत पोचलेल्यांत शॉ होता, तो तिथेच पडला. निशाण धरणारा शिपाई कोसळला तेव्हा न्यू बेडफर्डच्या विल्यम कार्नी या सार्जंटनं ते उचललं, तटापर्यंत नेलं आणि माघार घेताना अनेक जखमा अंगावर झेलत परत आणलं. निशाण जमिनीला टेकू दिलं नाही, असं त्यानं साथीदारांना सांगितलं. कार्नीचा जन्म व्हर्जिनियात गुलामीतला. या कामगिरीबद्दल त्याला देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण १९०० साली. सदतीस वर्षांनी.

किल्ला पडला नाही. ५४व्या पलटणीची २७०हून अधिक माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. दक्षिणेच्या सैन्यानं शॉला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. त्यांच्या लेखी गोऱ्या कर्नलची ती विटंबना होती. पुढे देह काढून आणायची गोष्ट निघाली तेव्हा शॉच्या वडिलांनी नकार दिला: जिथे पडला तिथेच, त्याच्या माणसांसोबत राहू दे.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या हल्ल्याच्या त्याच आठवड्यात न्यूयॉर्क शहरात सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल उसळली होती आणि जमावानं सगळा राग काळ्या वस्त्यांवर काढला. याच पलटणीतला बर्म्युडाचा सार्जंट रॉबर्ट सिमन्स. त्याचा लहानगा भाचा त्या जमावानं मारला. सिमन्स स्वतः वॅगनरवर जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला, त्याचा हात कापावा लागला आणि ऑगस्टमध्ये चार्ल्सटनमध्ये तो मेला. ज्या देशासाठी मामा लढत होता, त्याच देशाच्या सगळ्यात मोठ्या शहरात भाचा मारला गेला.

(दृश्य: पुन्हा टेबल, पगारपत्रक.)

आता या टेबलाकडे येऊ.

गोऱ्या साध्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर मिळत, कपड्यांचा भत्ता वेगळा. ५४व्या पलटणीपुढे ठेवले गेले १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. हाती ७. कारण काय दिलं? जुलै १८६२ च्या एका कायद्यात सैन्याकडे कामाला ठेवलेल्या काळ्यांसाठी हा दर लिहिलेला होता. तो कायदा करताना डोळ्यांसमोर होते खंदक खणणारे, सामान वाहणारे मजूर. युद्धखात्याच्या कायदेपंडितानं तोच दर शिपायांना लावला. साधा शिपाई असो की सार्जंट, काळा असला तर दर एकच.

भांडण सहा डॉलरांचं होतं, असं कोणी म्हणालं तर ते मला पटत नाही. त्या पत्रकावर सही करणं म्हणजे आपण शिपाई नाही, हमाल आहोत, हे स्वतःच्या हातानं लिहून देणं होतं. वॅगनरच्या वाळूत आपली माणसं गमावून आलेल्यांनी ते लिहून द्यायचं? शिवाय नुसती भीती नव्हती. त्याच बेटावर काळ्या शिपायांना खरोखरच गोऱ्या पलटणींच्या छावण्या साफ करायला लावलं जात होतं. ते थांबवायला सेनापतीला हुकूम काढावा लागला.

२८ सप्टेंबर १८६३ रोजी कॉर्पोरल गुडिंगनं थेट लिंकन यांना पत्र लिहिलं. मुख्य प्रश्न एकच आहे, तो लिहितो, आम्ही शिपाई आहोत की मजूर? पुढे तो सांगतो की आम्ही पूर्ण सशस्त्र आहोत, शिपायाची सगळी कामं केली आहेत, आमच्या रक्तानं जमीन रंगली आहे. आणि मग: आम्ही शिपायाचं कर्तव्य बजावलं, आम्हाला शिपायाचा पगार का मिळू नये?

नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं चांगल्या मनानं एक तोडगा काढला. कमी पडणारी रक्कम राज्याच्या तिजोरीतून भरून देऊ. शिपायांनी आभार मानले आणि तेही पैसे नाकारले. शब्द मोडला होता केंद्र सरकारनं. राज्यानं भरपाई केली असती तर ते मोडणं कायम झालं असतं. हा निर्णय घेणाऱ्यांच्या बायका-मुलांची घरी उपासमार होत होती. घरून येणाऱ्या पत्रांत तेच असायचं. तरी हात पुढे आला नाही.

या नकाराची किंमत काय असू शकते, तेही त्यांना दिसत होतं. दक्षिण कॅरोलायनातल्याच मुक्त गुलामांच्या ३ऱ्या पलटणीत विल्यम वॉकर नावाचा सार्जंट होता. सरकारनं शब्द मोडला म्हणून नोव्हेंबर १८६३ मध्ये त्याच्या कंपनीनं कर्नलच्या तंबूसमोर बंदुका रचून ठेवल्या. त्याच्यावर बंडाचा खटला चालला आणि २९ फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

५४व्या पलटणीनं वेगळी वाट धरली. पगार घ्यायचा नाही, पण कामही सोडायचं नाही. वॉकरला मारलं त्याच्या नऊच दिवस आधी ती फ्लोरिडातच ओलस्टीला लढली. उत्तरेचं सैन्य तिथे हरलं, आणि मागे सरणाऱ्या फौजेची पिछाडी राखायला ५४वीला पुढे केलं. “मॅसॅच्युसेट्स आणि महिना सात डॉलर!” अशी आरोळी ठोकत ते शिपाई पुढे गेले, असं सांगितलं जातं.

माघारीच्या वाटेवर जखमींनी भरलेली आगगाडी अडकली. इंजिन बंद पडलं होतं, शत्रू मागे होता. दोन दिवस चालून थकलेल्या या पलटणीला परत फिरवलं. शिपायांनी डब्यांना दोर बांधले आणि गाडी खांद्यांनी ओढत नेली. मैलोन् मैल. बिनपगारी.

(दृश्य: बोटीवर लादलेले कापसाचे गठ्ठे.)

ज्या चार्ल्सटनच्या दारात ही पलटण लढत होती, तिथून पूर्वी कापूस इंग्लंडला जायचा. उत्तरेच्या आरमाराच्या नाकेबंदीनं तो थांबला, लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा तो फुगा फुटला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण अमेरिकेतला तो कापूस वेचणाऱ्या हातांना कधी मजुरी मिळाली नव्हती, आणि त्यांच्यातलेच काही हात आता बंदूक धरून मजुरीचा प्रश्न विचारत होते, हा धागा आपल्या धड्यात नसतो.

जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं अखेर समान पगाराचा कायदा केला. त्यातही एक मेख होती. १९ एप्रिल १८६१ रोजी, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीला, जो स्वतंत्र होता त्याला भरतीच्या दिवसापासून पूर्ण पगार. जो तेव्हा गुलाम होता, त्याला फक्त १ जानेवारी १८६४ पासून. एकाच पलटणीत, एकाच खंदकात झोपणारे दोघे, आणि दोघांचा हिशेब वेगळा. शिवाय पळून आलेल्यानं हे सांगायचं कसं? खरं बोलला तर पैसे बुडणार, खोटं बोलला तर शपथ मोडणार.

शॉनंतर कर्नल झालेला एडवर्ड हॅलोवेल क्वेकर, म्हणजे गुलामीला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, घराण्यातला होता. त्यानं शपथेचे शब्दच बदलले. प्रत्येक शिपायानं एवढंच म्हणायचं: १९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्यापूर्वी मी कोणाचंही बिनमजुरीच्या श्रमाचं देणं लागत नव्हतो.

ज्याचा अख्खा जन्म गुलामीत गेला होता, तोही हे वाक्य छातीवर हात ठेवून, अक्षरशः खरं म्हणू शकत होता. कारण फुकट राबण्याचं देणं कोणीच कोणाचं लागत नाही.

ही शपथ वाचली की मला जोतीराव फुले आठवतात. नऊ वर्षांनी, १८७३ साली, त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत कोणाचं नाव नाही. मी ती वाचतो तेव्हा त्या लोकांमध्ये ही पलटणही धरतो.

(दृश्य: तंबू, टेबल, या वेळी रांग.)

सप्टेंबर १८६४ चा शेवट. वॅगनर किल्ला वर्षभरापूर्वीच दक्षिणेच्या सैन्यानं सोडून दिला होता. त्याच बेटावर खजिनदार पुन्हा आला. टेबल मांडलं. पत्रकावर या वेळी महिना १३ डॉलर होते, आणि मे १८६४ पासून पुढे १६, कारण सगळ्याच शिपायांचा पगार वाढला होता. पलटणीचा हिशेब चुकता करायला १,७०,००० डॉलर लागले. रात्री तंबूंमध्ये गाणी झाली. पैशांची पाकिटं घरोघर रवाना झाली.

कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग त्या रांगेत नव्हता. ओलस्टीला तो जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला होता. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत १९ जुलै १८६४ रोजी त्याचा मृत्यू झाला. वॅगनरच्या हल्ल्याला तेव्हा एक वर्ष आणि एक दिवस झाला होता. समान पगाराचा कायदा होऊन महिना उलटला होता.