खिचडीची लाज

श्रोतेहो, नमस्कार.

शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले. नव्या वह्यांना कव्हरं घालून झाली असतील. आज बोलायचंय ते मधल्या सुट्टीतल्या खिचडीबद्दल. खरं तर खिचडीच्या लाजेबद्दल. ‘आमचा पोरगा शाळेतलं खात नाही हो,’ असं मान वर करून सांगणाऱ्या आया मी शिक्षिकेच्या नोकरीत पुष्कळ पाहिल्या.

आता मला सांगा, खान्देशात संध्याकाळी खिचडी कोणाच्या घरी नसते? जळगाव घ्या, धुळे घ्या, नंदुरबार घ्या. तूरडाळीची खिचडी, वरून कच्चं तेल, तोंडी लावायला पापड नि कांदा. सालदाराच्या घरी तीच, मालकाच्या घरी तीच. तेल मात्र घाण्याचं, शेंगदाण्याचं हवं. खिचडीवर पिशवीतलं रिफाईंड ओतणाऱ्यांबद्दल मी रेडिओवर काही बोलत नाही. तर तेच डाळ-तांदूळ शाळेच्या पातेल्यात शिजले की गरिबाचे कसे होतात?

शाळेतल्या जेवणाची ही योजना सुरू झाली 15 ऑगस्ट 1995 ला. तेव्हा आपल्याकडे पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, आठवतं ना? पिशवी घेऊन सगळे यायचे, पाटलाच्या घरचेसुद्धा. कोणाला लाज वाटली नाही. तांदूळ घरी नेऊन दार लावून खाता येत होता. मग 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कोरडं धान्य नको, शाळेत शिजवून ताजं वाढा. पोरं रांगेत बसली, ताटली पुढे आली आणि लाजही आली. म्हणजे लाज फुकटाची नव्हती, रांगेची होती. किसान योजनेचे दोन हजार खात्यात पडले की कोणी तोंड लपवत नाही. तिथं रांग दिसत नाही ना!

नीट ऐका, पुन्हा सांगते. या जेवणाला अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, रेशनकार्डाचा रंग नाही. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीला जो बसतो, त्या प्रत्येकाचं ते जेवण आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तो त्याचा हक्क केलाय. विलायतेत मोठ्या वर्गांतल्या पोरांच्या आईबापांना फुकट जेवणासाठी आपली कमाई कमी आहे हे दाखवावं लागतं. तिथली लाज मी समजू शकते. आपल्याकडे काहीच दाखवायचं नाही. अर्ज नाही, दाखला नाही.

पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 450 उष्मांक, 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, 700 उष्मांक, 20 ग्रॅम प्रथिनं. 2023 साली आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्याला केळं, असंही ठरलं होतं. यावर माझं एक म्हणणं आहे. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावलची केळी पार दिल्लीला जातात आणि त्याच तालुक्यातल्या पोराच्या ताटलीत केळं पडायला मुंबईहून कागद यावा लागतो! असो. खिचडीकडे येते.

2017 चं साल. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली ते साल. बोंड फोडलं की आत अळी. उभ्या कपाशीत लोकांनी नांगर घातले. मी तेव्हा पारोळ्याकडच्या एका गावात चौथीला शिकवत होते. वर्गातल्या एका पोराचं घर चांगलं, दोन बैलजोड्यांचं. त्याच वर्षी एक जोडी विकली. आणि त्याच आठवड्यात त्याची आई वर्गाच्या दारात उभी. आत येईना. म्हणाली, “मॅडम, मना पोऱ्याले त्या लाईनमा बसाडू नका. आम्ही काय मांगीसन खातस का?”

मी म्हटलं, ताई, बरं. काय बोलणार! जोवर घरात होतं, तोवर पोरगा मजेत रांगेत बसत होता. घरातलं सरल्यावर मात्र तिला ती रांग टोचायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून पोराचा डबा सुरू झाला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पोरगा डबा घेऊन निंबाच्या झाडामागे जायचा. दोन महिने गेले. मला वाटलं, प्रश्न मिटला.

आणि एक दिवस बाराच्या सुमाराला बाई तावातावानं आल्या. झालं होतं असं, की आदल्या रात्री घरात खिचडी केली, तर पोरगा ताटावर बोलून गेला, “माय, शायामानी खिचडी इन्हापेक्षा चांगली ऱ्हास.”

निंबामागे काय चाललं होतं ते मग बाहेर आलं. शेजारच्या बाकावरचा पोरगा रोजच्या खिचडीला कंटाळला होता, त्याला हवी होती कळण्याची भाकरी. ह्याला हवी खिचडी. दोघांनी सौदा केला होता. दोन महिने, रोज, माझ्या नाकासमोर!

बाई माझ्यावर उखडल्या. तेवढ्यात खिचडी शिजून माझ्यापुढे चवीला आली. 2013 साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन 23 मुलं दगावली, तेव्हापासून ही चव फार कडक झाली होती. आधी मोठ्यांनी खायचं, नोंदवहीत सही करायची, मग पोरांना. पालकांनीही चव बघावी असं असतं, पण पालक येतो कुठला! मला काय सुचलं कोण जाणे, मी वाटी बाईंच्या हातात दिली. म्हटलं, ताई, भांडण नंतर. आधी चव बघा, पोरं थांबलीत.

बाईंनी एक घास घेतला. परत एक घेतला. राग कुठल्या कुठे गेला आणि तोंड सासूचं झालं. “फोडणी कच्ची शे. आनि वर तेल कोठे शे?”

मी नोंदवही पुढे सरकवली. सातवी शिकलेल्या बाई. सावकाश नाव लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘मीठ बरोबर. फोडणी कच्ची.’ आमच्या खिचडीवाल्या मावशी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या खेपेला बाई घरून तेलाची बाटली घेऊन हजर. बाहेरचं तेल पातेल्यात घालू देता येईना, तर तोंड पाडून बसल्या. पण येत राहिल्या, आठवड्यातून दोनदा. गावात सांगायच्या, ‘मॅडमनी मला तपासणीला बोलावलंय.’ मी कशाला खोडू? एका घासात चव नीट कळत नाही म्हणून ताटली घ्यायच्या आणि रांगेच्या टोकाला, पोराशेजारी मांडी घालून बसायच्या. दोघं जेवायची. त्या घरात तेव्हा दुपारचं काय शिजत होतं, ते मी कधी विचारलं नाही.

तुमच्याही शाळेत ही वही असते. जा, वाटी मागा, सही करा. फोडणी कच्ची असली तर तसं लिहा.

त्या घरचा डबा बंद झाला. आणि माझ्याकडे तक्रार आली ती दुसऱ्याच पोराची. बाकावरचा तो सौदेवाला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “मॅडम, त्याच्या आईला सांगा ना, एक भाकरी तरी देत जा.”

नमस्कार.