बार्सेलोनाचा टाउन हॉल: चौकातून नव्हे, गल्लीतून

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बार्सेलोनाला जाणारा माणूस वास्तुकार गाउदीच्या इमारतींसाठी दोन दिवस राखून ठेवतो आणि जुन्या शहरासाठी एक संध्याकाळ. त्या संध्याकाळी तो प्लासा सांत जाउमे या चौकात येतो, समोरासमोर उभ्या असलेल्या दोन सरकारी इमारतींचे फोटो काढतो आणि पुढे निघतो. त्यातली एक इमारत कातालुन्याच्या प्रांतिक सरकारची, दुसरी शहराचा टाउन हॉल. या टाउन हॉलमध्ये १३७३ सालापासूनचं सभागृह आहे, आणि शहराच्या नगराध्यक्षाची निवड आजही तिथेच होते. ते आतून पाहता येतं, तेही फुकट. पण कुठून सुरुवात करायची आणि काय ओळखायचं हे ठाऊक नसेल, तर तासाभरात सोनेरी छतं आणि लाल पडदे यांपलीकडे लक्षात काही राहत नाही. म्हणून आज ही इमारत कशी पाहावी, एवढ्यापुरतंच बोलतो.

पहिली गोष्ट अशी, की चौकातला दर्शनी भाग हा या इमारतीचा मूळ चेहरा नव्हे. जुझेप मास इ विला या वास्तुकाराने तो १८३० आणि १८४०च्या दशकांत उभारला. चौकसुद्धा तेव्हाचाच. त्याआधी इथे सांत जाउमे नावाचं चर्च आणि त्याची दफनभूमी होती. १८२३ मध्ये चर्च पाडून जागा मोकळी केली. मध्ययुगातल्या नगरसेवकाला या बाजूने टाउन हॉलमध्ये शिरताच आलं नसतं. त्याचं दार डावीकडच्या गल्लीत होतं.

तेव्हा चौकात टाउन हॉलकडे तोंड करून उभे राहा, डाव्या हाताला वळा आणि कारेर दे ला सिउतात या गल्लीत पन्नासेक पावलं चाला. तिथे जुनी भिंत दिसेल. आर्नाउ बार्गेस या गवंडीप्रमुखाने १३९९ ते १४०२ या काळात बांधलेली ही गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या बांधकामशैलीची, दर्शनी भिंत. दाराची कमान अर्धगोल, आणि तिचे दगड पंख्यासारखे लांब कापलेले. दारावर देवदूत राफाएलची मूर्ती आहे. मूर्ती दगडाची, पंख मात्र धातूचे. खाली राजघराण्याची आणि शहराची मानचिन्हं. खिडक्या नाजूक, भिंतीचा बाकीचा भाग जवळपास कोरा. कातालान गॉथिकची ही खूण लक्षात ठेवावी: मोठ्या, सपाट भिंती, मोजकी सजावट, आणि ती सजावटही दार-खिडक्यांपाशीच एकवटलेली. पॅरिस किंवा कोलोनच्या चर्चवर दिसणारं टोकदार शिखरांचं जंगल इथे शोधू नका.

आता चौकाच्या बाजूचं टोक पाहा. ही भिंत संपत नाही, तुटते. नवा दर्शनी भाग बसवताना जुन्याचा कोपरा कापला गेला. संपूर्ण भिंतच पाडायचा विचार होता. विरोध झाला म्हणून उरलेली वाचली. इमारतीतला सर्वांत बोलका कोपरा तोच आहे, आणि तिथे थांबणारी माणसं फार थोडी.

इथे मुंबईच्या श्रोत्यांना एक सोय आहे आणि एक अडचण. सोय ही, की गॉथिक कमानी आपल्याला परक्या नाहीत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेलं मुंबई महापालिकेचं मुख्यालय १८९३ मध्ये पूर्ण झालं, ते आपण बोरीबंदरला रोज पाहतो. अडचण ही, की ते गॉथिक एकोणिसाव्या शतकातलं पुनरुज्जीवन आहे, आणि आपली नजर त्याच दाट सजावटीला गॉथिक मानायला सरावली आहे. बार्सेलोनात नेमकी त्यामुळे फसगत होते. तिथल्या कॅथीड्रलचा, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चचा, दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. शेजारच्या कारेर देल बिस्बे गल्लीवरचा जाळीदार पूल, ज्याचे फोटो ‘मध्ययुगीन बार्सेलोना’ म्हणून फिरतात, तो १९२८चा. आणि बार्गेसची खरीखुरी भिंत, तिच्या साधेपणामुळे, लोकांच्या नजरेतून निसटते.

आत जाण्याआधी ही इमारत कोणासाठी बांधली ते पाहू. जाउमे पहिला या राजाने १२४९ मध्ये शहराला स्वतःचा कारभार पाहायचा अधिकार दिला, आणि १२६५ मध्ये शंभर प्रतिनिधींचं मंडळ ठरलं. ते ‘कोन्सेल दे सेंत’, शंभरांची सभा. रोजचा कारभार पाच कोन्सेयेर, म्हणजे कारभारी नगरसेवक, पाहत, सभा त्यांना सल्ला देई आणि जाब विचारी. सुरुवातीला सभेला स्वतःची जागा नव्हती. ती सांता कातेरिना या डॉमिनिकन मठात भरे. १३६९ मध्ये पेरे योबेतच्या देखरेखीखाली सभागृहाचं काम सुरू झालं आणि १७ ऑगस्ट १३७३ रोजी तिथे पहिली बैठक झाली.

हे मंडळ म्हणजे आजची लोकशाही नव्हे, ते नीट समजून घ्यावं. सत्ता दीर्घकाळ मोजक्या श्रीमंत घराण्यांकडे होती. १४५५च्या सुधारणेने सभासद १२८ केले: प्रतिष्ठित नागरिक, व्यापारी, वरच्या दर्जाचे व्यावसायिक आणि हातकामाचे कारागीर, प्रत्येकी ३२. १४९८ पासून पदांची निवड चिठ्ठ्या टाकून होऊ लागली. पात्र माणसांची नावं चर्मपत्राच्या पट्ट्यांवर लिहायची, प्रत्येक पट्टी मेणाच्या गोळीत बंद करायची, गोळ्या थैलीत घालायच्या आणि लहान मुलाकडून एक उचलायला लावायची. गटबाजी आणि मतांची खरेदी टाळणं हा उद्देश. पण पळवाट उघडीच होती: थैलीत कोणाचं नाव जाणार, हे ज्याच्या हाती त्याच्याच हाती खरी सत्ता. पुढे राजाने नेमकं तेच आपल्या हाती घेतलं.

पैशाच्या बाबतीत ही नगरसभा मात्र काळाच्या फार पुढे होती. १४०१ मध्ये तिने ‘ताउला दे कांवी’ ही शहराच्या हमीवर चालणारी ठेवींची बँक काढली. युरोपातल्या अगदी आरंभीच्या सार्वजनिक बँकांपैकी ती एक. चौकातल्या मुख्य दाराच्या दोन बाजूंचे पुतळेही पैशाचीच आठवण देतात. एक जाउमे पहिल्याचा, दुसरा जोअन फिवेयेर या कोन्सेयेरचा. १४१६ मध्ये राजा फेरान पहिला याच्या घराण्याने मांसावरचा नगरकर द्यायचं नाकारलं, तेव्हा राजालाही कर चुकत नाही असं फिवेयेरने बजावलं. कर भरला गेला. राजा संतापून शहराबाहेर पडला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इगुआलादा इथे वारला. एकोणिसाव्या शतकात या प्रसंगावर बरेच रंग चढले, पण पुतळा त्या जागी का बसवला हे त्यावरून कळतं.

आता पहिल्या मजल्यावर, ‘सालो दे सेंत’मध्ये, म्हणजे शंभरांच्या सभागृहात. आत शिरताच नजर लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या भिंतींकडे, अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाच्या कोरीव पटाकडे आणि लाकडी आसनांकडे जाईल. तिकडे नंतर पाहा. आधी मान वर करा.

दगडाच्या रुंद, अर्धगोल कमानी खोलीच्या आडव्या बाजूने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातात. त्यांच्यावर, कमानीपासून कमानीपर्यंत, रंगवलेल्या लाकडी तुळया टाकलेल्या आहेत. दगडी घुमट नाही, फासळ्यांचं छत नाही. याला मध्यकमानींची बांधणी म्हणू. तिचं गणित साधं आणि सुंदर आहे. लाकडी तुळई मिळते तेवढ्याच लांबीची. त्याहून रुंद खोली नुसत्या तुळयांनी झाकता येत नाही. पण ठरावीक अंतरावर दगडी कमानी उभ्या केल्या, तर रुंदी कमान पेलते आणि तुळईला फक्त दोन कमानींमधलं अंतर ओलांडावं लागतं. खोली हवी तेवढी रुंद होते, मध्ये एकही खांब लागत नाही, आणि शंभर माणसं एकमेकांचे चेहरे पाहत बसू शकतात. नगरसभेला हेच हवं होतं.

दुसरा फायदा वजनाचा. दगडी छत भिंतींना सगळ्या लांबीभर बाहेर ढकलतं. हे सभागृह वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे तो रेटा जमिनीपासून उंच लागला असता आणि भिंती भलत्याच जाड कराव्या लागल्या असत्या. सपाट लाकडी छताचं वजन सरळ खाली जातं. आडवा रेटा उरतो तो फक्त कमानींच्या पायापाशी, म्हणून भिंत तेवढ्याच जागी भक्कम करून भागतं. १३६९ ते १३७३ या चार वर्षांत सभागृह बैठकीला तयार झालं, त्यात या पद्धतीचा वाटा असावा.

अशा छताचा शत्रू पाणी. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरतं आणि तुळईचं दगडात रुतलेलं टोक आधी कुजतं. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, रंगही शाबूत असतो, आणि आधार आतून गेलेला असतो. दुसरा धोका कमानीचे पाय बाहेर सरकण्याचा. तसं झालं की पहिली भेग माथ्याजवळ, खालच्या बाजूला दिसते. जुन्या इमारतीत कमानीखाली उभं राहून तेवढं पाहायची सवय लावून घ्यावी.

या सभागृहाला सर्वांत मोठा मार बसला तो मात्र तोफांचा. ३ डिसेंबर १८४२ रोजी, शहरातलं बंड मोडायला, स्पेनचा कारभार तेव्हा हाती असलेल्या जनरल एस्पार्तेरोच्या हुकमाने मोंजुइक टेकडीवरच्या किल्ल्यावरून शहरावर गोळे डागले गेले. एका दिवसात हजारावर. टाउन हॉलवरही ते पडले आणि सभागृहाची हानी झाली. त्यानंतर त्याच शतकात ते दुरुस्त होऊन लांबीने वाढवलं गेलं, म्हणून दिसणारी प्रत्येक कमान योबेतची नव्हे. अलाबास्टरचा पट आणि आसनांची सजावट त्याहून अलीकडची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एन्रिक मोन्सेर्दाच्या आराखड्यावरून केलेली. कल्पना चौदाव्या शतकाची, अंगावरचे कपडे विसाव्याचे. मला हे सभागृहाचं उणेपण वाटत नाही. ते वापरात राहिलं, म्हणून पुन्हा पुन्हा दुरुस्त झालं. मधला खंड ध्यानात घ्यायला हवा: ११ सप्टेंबर १७१४ रोजी शहर स्पेनचा राजा पाचवा फिलिप याच्या सैन्यापुढे पडलं आणि कोन्सेल दे सेंत संपलं. १७१६च्या फर्मानाने कातालुन्याच्या स्वतःच्या संस्थाच मोडीत काढल्या. आज याच जागी नवे नगरसेवक पद स्वीकारतात आणि सप्टेंबरात ला मेर्से उत्सवाचं उद्घाटनाचं भाषण होतं.

पुढचं मोठं दालन बखरींचं, ‘सालो दे लेस क्रोनिकेस’. १९२९च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या तयारीत जुझेप मारिया सेर्त या चित्रकाराने ते रंगवलं. विषय चौदाव्या शतकाच्या आरंभीची पूर्वेकडची मोहीम. रोजेर दे फ्लोर आपल्या भाडोत्री अल्मोगावेर सैनिकांना घेऊन १३०३ मध्ये बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राटाच्या मदतीला गेला, १३०५ मध्ये तिथेच त्याचा खून झाला, आणि चिडलेल्या सैनिकांनी मुलूख उजाड केला. मोहिमेत स्वतः असलेल्या रामोन मुंतानेरने ती बखरीत लिहिली. सेर्तने सोनेरी वर्खावर काळ्या-तपकिरी रंगात काम केलं आहे. समोर उभं राहिलात तर दिव्यांचा उजेड वर्खावरून थेट डोळ्यांत येतो आणि आकृत्या विरघळतात. दोन पावलं बाजूला सरका, तिरपं पाहा. गर्दी, दोर, शिडं सुटी होतात. चित्रांतला विजयोत्सव मात्र एकाच बाजूचा आहे. ग्रीक मुलखात या सैनिकांच्या क्रौर्याची आठवण पुढेही टिकून राहिली.

राणी रेजेंटचं दालन १८६०च्या सुमाराचं, अर्धवर्तुळाकार आसनांचं. दहा मिनिटं पुरतात.

जाण्यायेण्याचं सांगतो. सर्वसाधारण पाहुण्यांसाठी इमारत रविवारी सकाळी उघडते, दहापासून दुपारी दीडच्या सुमारापर्यंत, विनामूल्य. १२ फेब्रुवारीचा सांता एउलालिया, २३ एप्रिलचा सांत जोर्दी आणि कॉर्पस या सणांना खास खुला दिवस असतो, पण त्या दिवशी रांग लांब आणि आत थांबायला वेळ कमी. एखादा समारंभ असला तर दालनं बंद राहतात, म्हणून आदल्या दिवशी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. कोणतं दार उघडं आहे तेही तिथे किंवा दारावरच्या पाटीवर कळतं. दहाच्या ठोक्याला पोचा. अकरानंतर मोठे गट येतात आणि सालो दे सेंतमध्ये वर पाहत उभं राहायला जागा उरत नाही. मोठी बॅग नेऊ नका. मेट्रोच्या पिवळ्या चार नंबरच्या मार्गावरचं जाउमे पहिला हे स्थानक सर्वांत जवळचं. बाहेर पडल्यावर कारेर देल पारादीस या वळणाच्या गल्लीत, एका घराच्या चौकात, ऑगस्टसच्या मंदिराचे चार रोमन स्तंभ उभे आहेत. तेही फुकट, आणि पाच मिनिटांच्या अंतरावर.

जमलं तर एक जोड द्या, पण ती आदल्या दिवशी. टाउन हॉलच्या प्रार्थनागृहासाठी लुइस दालमाउने १४४५ मध्ये पूर्ण केलेलं चित्र आता मोंजुइकच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. ओकच्या फळीवर तैलरंग, मध्ये मेरी आणि तिच्या दोन बाजूंना गुडघे टेकलेले पाच कोन्सेयेर, अस्तरात फर लावलेल्या लाल झग्यांत. चेहरे नमुन्याचे नाहीत, त्या वर्षी पदावर असलेल्या माणसांचे आहेत. एकाची हनुवटी जड, एकाचे गाल बसलेले. संग्रहालय शनिवारी दुपारी तीननंतर विनामूल्य असतं. शनिवारी ते पाच चेहरे पाहा आणि रविवारी सकाळी दहाला सालो दे सेंतच्या कमानींखाली उभे राहा.