गाडीच्या टपावरची काडी

नमस्कार, श्रोतेहो.

गाडी चालवताना हे ऐकत असाल, तर थांबल्यावर एकदा टपाकडे बघा. अँटेनाची काडी जागेवर आहे ना? हसू नका. शहरात प्रक्षेपणाचा मनोरा जवळ असतो. लहरी इतक्या जोरकस असतात की काडी नसली तरी कार्यक्रम ऐकू येतो, त्यामुळे ती कधी गेली हे कित्येकांना कळतच नाही. मग गाडी हमरस्त्याला लागते, खरखर सुरू होते आणि शिव्या बसतात बिचाऱ्या रेडिओला.

ती जाते कशी? फिरत्या ब्रशच्या धुलाईत मोडते, तळघरातल्या पार्किंगच्या बुटक्या तुळईला आपटते, कव्हर ओढताना अडकते. आणि नुसत्या आट्यांवर बसवलेली असल्यामुळे जाता-येता कोणीही पिळून घेऊन जाऊ शकतो.

रेडिओ महिनाभर बंद राहिला तर चालेल, पावसाचं पाणी मात्र थांबणार नाही. काडी गेली पण खालचा बेस आणि त्याचं रबर शाबूत असेल, तर पाणी सहसा आत येत नाही. पण उघडे आटे गंजतात आणि पुढे नवी काडी बसेनाशी होते. बेसच तडकला किंवा उखडला असेल, तर टपाला सरळ भोक आहे असं समजा. तिथून शिरलेलं पाणी तिथंच टपकत नाही. छताच्या आतल्या कापडावरून ओघळत खांबातून खाली उतरतं आणि पायाखालचा गालिचा भिजवतं. गाडीत कुबट वास येतो, आणि आपण दाराचं रबर बदलत बसतो.

तात्पुरता इलाज सोपा आहे. जागा पुसून पूर्ण कोरडी करा, आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि वर घट्ट बसणारी रबरी टोपी चढवा. इन्सुलेशन टेप एखाद्या पावसापुरती ठीक; उन्हात तिचा डिंक वितळतो. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं घेऊ नका. त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला गंज चढवतं. आणि एम-सील तर आट्यांवर मुळीच थापू नका. आपल्याकडे टाकी गळो नाहीतर बादली, हात आधी एम-सीलकडे जातो! पण ते एकदा कडक झालं की काडीबरोबर बेसही बदलावा लागतो.

आता नवी काडी. एफएमच्या लहरी 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे लांबी साधारण 3 मीटर. त्याचा चौथा हिस्सा, 75 सेंटीमीटर, ही सरळ काडीची चांगली लांबी. अँबेसेडर किंवा पद्मिनीच्या मडगार्डवरची ती ओढून लांब करायची चकचकीत काडी आठवत असेल. आजची वीतभर काडी कशी पुरते? तिच्या रबराखाली तार गुंडाळलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत बेसमध्ये सिग्नल वाढवणारा बूस्टर असतो. आटे बहुधा 5 किंवा 6 मिलिमीटरचे असतात, तेव्हा जुनी काडी असेल तर दुकानात घेऊन जा. बसवताना हातानंच आवळा. पक्कड लावली की प्लास्टिकचा बेस तडकतो.

शार्कच्या पंखासारखा अँटेना हल्ली फार खपतो. त्यातले काही खरे असतात. स्वस्तातले कितीतरी नुसते दुहेरी टेपवर चिकटवायचे, आत तारेचा पत्ता नाही. शोभेला हवा असेल तर जरूर लावा, पण रेडिओ त्यानं सुधारणार नाही. कपड्याच्या हँगरची तार खोचणं मात्र मला त्याहून प्रामाणिक वाटतं. दिसते वाईट, पण काम करते. फक्त तिचं टोक पत्र्याला टेकू देऊ नका, नाहीतर आलेला सिग्नल पत्र्यातच जिरतो.

काडी नवी आणि खरखर जुनीच, असं झालं तर बूस्टरला वीज मिळते का ते तपासा. बाहेरून नवा स्टिरिओ बसवून घेतला असेल, तर त्याच्या मागची अँटेनाची निळी वायर बऱ्याचदा न जोडताच सोडून दिलेली सापडते. घाटात आवाज गेला तर मात्र अँटेनाला बोल लावू नका. एफएमला मनोऱ्यापासून जवळपास सरळ वाट लागते, मध्ये डोंगर आला की आवाज जातो. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा केला तो त्याच कारणानं.

शेवटची एक तपासणी. गाडी मोकळ्यावर उभी करून एखादं लांबचं, क्षीण केंद्र लावा आणि रेडिओ चालू ठेवून इंजिन बंद करा. खरखर लगेच थांबली, तर बेसचं अर्थिंग ढिलं असण्याचा संभव मोठा. मेकॅनिककडून छताचं कापड थोडं उतरवून घ्या, बेसच्या नटाखालचा गंज पॉलिश पेपरनं घासायला सांगा आणि नट पुन्हा आवळून घ्या. रबराची चकती तेव्हाच नवी टाकायला सांगा, फार महाग नसते.

नमस्कार.